उन्हाबरोबर सरकणारा पट

यंदा अमरावतीत थंडी जरा लवकर आली. आली म्हणजे काय, आमच्याकडे येते तशीच, सकाळी तोंड दाखवून दहाच्या सुमाराला निघून जाणारी. तेवढ्यावरही समोरच्या काकूंनी कानटोपी चढवली आणि गॅलरीतून ओरडून सांगितलं, "सुजाता, यंदा फार गारठा आहे हं!" मी हो म्हटलं. जिनं लखनौचा अख्खा हिवाळा अंगावर काढलाय, तिनं असल्या वादात पडू नये.

निवृत्त झाल्यापासून सकाळचं ऊन माझ्या मालकीचं झालंय. खुर्ची गॅलरीत ओढायची, चहा घ्यायचा आणि फोनवर बुद्धिबळाचा एक डाव टाकायचा. आमच्या ह्यांना बुद्धिबळाचा इतका कंटाळा आहे की 'शह' शब्द ऐकला तरी त्यांना जांभई येते. त्यामुळे समोर असतो तो कुठल्याशा देशातला कोणीतरी माणूस. त्याचं नाव खरं नसतं, चेहरा नसतो. डाव संपतो आणि तो नाहीसा होतो. परवा असाच खेळत असताना ऊन पायांवरून सरकलं. मी खुर्ची पुढे ओढायला उठले आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, समोरचं काहीतरी अलगद उचलायला. समोर काहीच नव्हतं. हात तसेच हवेत राहिले आणि मला एकदम अम्माजींच्या गच्चीवरचं ऊन आठवलं.

ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, विमा कार्यालयात होते आणि प्रमोशन घेतल्याबद्दल मला लखनौ मिळालं होतं. घरी आईनं रडून घेतलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे." बाबांना वाटत होतं त्यापेक्षा एक हिवाळा फार मोठा असतो. अमीनाबादच्या मागच्या गल्लीत एका जुन्या दुमजली घराची वरची खोली मला मिळाली. खाली घरमालकीण एकटी राहायची. तिला सगळी गल्ली अम्माजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. सत्तरीच्या पुढची, बारीक चणीची, पांढऱ्या साडीवर पुरुषी राखाडी स्वेटर घालणारी बाई. तो स्वेटर वकीलसाहेबांचा होता. वकीलसाहेब म्हणजे तिचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा प्रदीप गाझियाबादला असायचा.

मी पोचले आणि आठवड्याभरात धुकं आलं. धुक्याचं कौतुक ज्यांना असतं ते डोंगरावर जाऊन दोन दिवसांत परत येणारे लोक. तिथलं धुकं म्हणजे खिडकी उघडली की समोरचं घर गेलेलं असायचं. ऑफिसात लोक चांगले होते, पण संध्याकाळी पाच वाजले की सगळे मफलर गुंडाळून आपापल्या घराकडे सुटायचे, आणि मी मुद्दाम एक फाइल जास्त वेळ बांधत बसायची. शेजारच्या टेबलावरचे तिवारीजी विचारायचे, "मैडम, घर नहीं जाना?" मी म्हणायची, "मेरे को थोड़ा काम है." मेरे को म्हटलं की ते मिश्कील हसायचे. आमची विदर्भातली हिंदी त्या शहरात फारच उघडी पडायची. मग मी बोलणंच कमी केलं. मी त्या शहरात एकटी होते, आणि ते कोणाला सांगण्याचीसुद्धा सोय नव्हती.

मराठी माणसं नव्हती असं नाही. शहराबाहेर बख्शी का तालाबकडे वानखेडे म्हणून आमच्याच भागातलं कुटुंब होतं. वानखेडे सरकारी नोकरीत होते. एका रविवारी बस बदलत बदलत गेले. वहिनींनी दारात "जय भीम" म्हटलं आणि माझे डोळे भरून आले, इतकी मी त्या दोन शब्दांना भुकेली होते. वहिनी म्हणाल्या, "अगं, दर संडेला येत जा ना. सब्जी-रोटी तर बनतेच आपली." त्यांच्या मुलीशी मी मराठीत बोलायला गेले, तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाँ आंटी, समझ में आ गया." तिचं तिथे सगळं होतं, शाळा, मैत्रिणी, भाषा. वहिनींचंही आता तिथलंच झालं होतं. त्यांनी जीव लावला, पण परतीच्या बसमध्ये मला जास्तच परकं वाटलं. दुसऱ्यांच्या भरल्या घरातून आपल्या खोलीकडे परतणं फार वाईट असतं.

मग एके दिवशी ऊन पडलं. कित्येक दिवसांनी. रविवार होता. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर माणसं निघाली, गाद्या निघाल्या, रजया निघाल्या, लोणच्याच्या बरण्या निघाल्या. मीही ओले केस घेऊन वर गेले. अम्माजी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पाटावर एक कापडी पट अंथरला होता, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा, शिवणीत उसवलेला, आणि त्यावर लाकडी सोंगट्या मांडल्या होत्या. सोंगट्यांना ऊन दाखवत होत्या म्हणे, कीड लागू नये म्हणून.

"शतरंज आती है, बिटिया?" त्यांनी सहज विचारलं.

येते का म्हणजे? मी कॉलेजात बुद्धिबळात दुसरी आले होते. आम्ही सहाच मुली होतो, हा भाग वेगळा. मी ऐटीत बसले आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. अम्माजींनी मटाराची शेंग खाली ठेवली, माझं प्यादं उचललं आणि एक घर मागे आणून ठेवलं.

"इतनी जल्दी क्या है? एक-एक घर चलेगा."

त्यांच्याकडे तसाच खेळ होता, जुन्या देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मी म्हटलं, नियमानं काय फरक पडतो, बुद्धी तीच लागणार. माझं चहाचं पाणी तापायला ठेवलं होतं, ते उकळायच्या आत माझी मात झाली. अम्माजींनी पुन्हा शेंग उचलली. त्यांना विशेष काही वाटलेलं दिसलं नाही, आणि मला त्याचाच राग आला.

त्या दिवसापासून तो हिवाळा सुरू झाला असं मी धरते.

ऊन पडेल त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही खेळायचो. गच्ची लहान होती आणि शेजारच्या उंच घराची सावली तिच्यावर लवकर चालून यायची. मग आम्ही पट हलवायचो. एका बाजूनं पाट त्यांनी धरायचा, दुसऱ्या बाजूनं मी, आणि डाव न मोडता, एकही सोंगटी न हलवता तो उन्हात सरकवायचा. हे काम खेळण्याइतकंच जिकिरीचं होतं. अम्माजींचा हात किंचित थरथरायचा. माझ्या बाजूचा उंट डुलायचा आणि आम्ही दोघी श्वास रोखून त्याच्याकडे बघायचो. दुपारभर असं पाठीवर ऊन घेत आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचो. अंगाला लोकरीचा आणि संत्र्याच्या सालींचा वास यायचा. खालून रिक्षावाल्यांच्या घंट्या ऐकू यायच्या, अमीनाबादेतल्या कापडवाल्यांचा गलका यायचा, आणि मी हरत असायची.

हरायचं तरी किती! माणूस जिद्दीला पेटला की आधी दुकानात जातो. मीही अमीनाबादेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक फाटकं बुद्धिबळाचं पुस्तक आणलं आणि खिशात मावेल असा चुंबकाचा पट आणला. डब्याच्या सुट्टीत टेबलावर एका हातानं पोळी-भाजी खायची आणि दुसऱ्या हातानं सोंगट्या हलवायच्या. तिवारीजी डोकावून म्हणायचे, "मैडम, किससे खेल रही हैं?" स्वतःशीच खेळतेय असं सांगितलं की आपल्या डब्याकडे वळायचे. पुस्तकातले बहुतेक डाव माझ्या काही कामाचे नव्हते, कारण त्यातली प्यादी पहिल्याच उडीत पटाच्या मध्यावर पोचायची आणि आमच्या गच्चीवरची एक-एक घर चालत, वाटेत चहा पीत, जायची. पण शेवटाकडचे धडे कामाचे होते. थोड्या सोंगट्या उरल्या की काय करायचं, ते मी घोकून पाठ केलं.

तरी हरतच होते. कित्येक आठवडे एका इंचाचीही प्रगती दिसली नाही. नवशिक्याचं हेच दुखणं असतं. अभ्यास वाढतो तसा खेळ आधी बिघडतो. पूर्वी निदान झटपट हरायची, आता विचार करून, डोकं दुखवून घेऊन हरायला लागले. एकदा इतकी चिडले की म्हणाले, "अम्माजी, मेरे को नहीं जमता ये."

"जमेगा," त्या म्हणाल्या. "तुम अपना घोड़ा देखती हो. हमारा घोड़ा क्या चाहता है, ये भी तो देखो."

हे वाक्य त्यांनी खेळाबद्दलच म्हटलं होतं, मी उगाच त्याला आयुष्याचा अर्थ चिकटवणार नाही. पण पुस्तकात जे सापडलं नाही ते त्यात होतं. मी खरोखरच फक्त माझ्याच सोंगट्या बघायची. माझा वजीर कुठे जाणार, माझा हत्ती कधी सुटणार. समोरची बाई आपली वाट अडवायलाच बसली आहे अशी माझी समजूत होती. तिलाही कुठे तरी जायचं आहे हे ध्यानातच यायचं नाही. मग मी प्रत्येक चालीआधी हात रजईखाली कोंडून ठेवायला लागले आणि स्वतःला विचारायला लागले, यांना काय हवंय? पहिल्यांदा उत्तर चुकायचं. हळूहळू कधी कधी बरोबर यायला लागलं. ज्या दिवशी मला त्यांच्या घोड्याची चाल त्यांच्याआधी दिसली, त्या दिवशी मी संध्याकाळी चौकात गेले आणि एकटीनं पोटभर खाऊन घेतलं. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आज मला घोडा दिसला म्हणून. अमरावतीला फोन लावला असता तर आईनं विचारलं असतं, कुणाचा?

समोरच्याकडे बघायची सवय लागली की ती पटापुरती राहत नाही. माझ्या लक्षात यायला लागलं की अम्माजी डाव लांबवतात. जिंकत आल्या की त्यांना मध्येच चहा आठवायचा. ऊन चांगलं असेल तर सरळ मात दिसत असताना त्या एखादं प्यादं उगाच पुढे करायच्या. वकीलसाहेब आणि त्या रोज खेळायचे. सासऱ्यांनी लग्नानंतर शिकवलं होतं, सुनेचं मन रमावं म्हणून. वकीलसाहेब गेल्यावर पट ट्रंकेत गेला. "चार साल हम अपने आप से बोलते रहे," त्या एकदा म्हणाल्या, "फिर वो भी छोड़ दिया." माझ्यासारख्याच त्याही संध्याकाळ लांबवत होत्या. फाइल बांधत बसणारी मी एकटीच नव्हते. हे कळल्यावर मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

वसंत पंचमीच्या आसपास प्रदीप येऊन गेला. चांगला माणूस होता, आईच्या पायांना तेल लावून देणारा. जाताना मला जिन्यात म्हणाला, "दीदी, होली के बाद अम्मा को ले जा रहे हैं. अकेले कब तक रहेंगी." घर बंद होणार होतं. मला त्याच गल्लीत दुसरी खोली बघून द्यायची तयारीही त्यानं दाखवली. त्याचं काहीच चुकत नव्हतं.

मी वर आले आणि चुंबकाचा पट पुढे ओढला. मग ठरवलं, होळीच्या आत अम्माजींना एकदा तरी मात द्यायची. खरी मात, त्यांनी सोडलेली नव्हे. ऐकायला हे पोरकट वाटेल. पण त्या शहरात मी आले, राहिले, याची खूण कुठेच नव्हती. ऑफिसात माझ्या खुर्चीवर उद्या दुसरी कोणी बसली असती तर तिवारीजींनी तिलाही विचारलं असतं, घर नहीं जाना? फक्त एक बाई होती जिला माझा खेळ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. मी कुठून निघाले आणि कुठे पोचले, ते तिलाच मोजता येणार होतं. ती निघून जायच्या आत मला पोचायचं होतं.

मी इरेला पेटले आणि माझा खेळ खरंच सुधारला. अम्माजी आता मटार घेऊन बसेनाशा झाल्या. चष्मा लावायला लागल्या. त्यांचा हात सोंगटीवर जाऊन थांबायचा, परत यायचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तर मी त्यांचा वजीर मारला, मग हत्ती, मग एकेक करून सगळं. माझ्या अंगात संचारलं होतं. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक कोपऱ्यातलं प्यादं उरलं. मी तेही टिपलं आणि मान वर केली.

अम्माजी शांतपणे सोंगट्या गोळा करायला लागल्या होत्या.

"अरे! अभी मात कहाँ हुई?"

"बुर्द हो गई," त्या म्हणाल्या. "बादशाह अकेला रह गया. अब बाज़ी ख़त्म. बुर्द आधी मात होती है, पूरी नहीं."

मला हा नियमच ठाऊक नव्हता. असणार कसा? आजवर त्यांना इतकं नागवण्यापर्यंत माझी मजल गेलीच नव्हती. मी भांडले. पुस्तक आणून दाखवलं. पुस्तकात एकट्या राजाला मात देण्याचे धडेच्या धडे होते आणि मी ते पाठ केले होते. अम्माजींनी पुस्तक दूरवर धरून पाहिलं आणि परत दिलं.

"तुम्हारी किताब में होता होगा. हमारे यहाँ अकेले को नहीं मारते."

"मग काय करतात?" मी चिडून मराठीतच विचारलं.

त्यांना समजलं. "कुछ नहीं करते, बिटिया. छोड़ देते हैं."

त्या रात्री मला मात हुकल्याचं नव्हे, त्या उत्तराचंच वाईट वाटत राहिलं. एकट्याला कोणी मारत नाही. त्याला नुसतं सोडून देतात आणि पट आवरतात. माझ्यावर तरी त्या शहरानं कुठे काही अन्याय केला होता? कोणी वावगा शब्द बोललं नव्हतं. सगळ्यांनी मला अगदी सभ्यपणे सोडून दिलं होतं.

पण खेळणारीला विचार करत बसायला वेळ नसतो. आता मला नवीनच विद्या शिकायची होती. मात द्यायची तर समोरच्याचं निदान एक प्यादं जिवंत ठेवायला हवं. ते जिवंत ठेवायचं, त्याला वजीर होऊ द्यायचं नाही, आणि राजाला घेरायचं. हावरटासारखं दिसेल ते मारत सुटणं सोपं असतं. हात राखून जिंकणं फार कठीण. मी जेवताना तेच मांडून बसायची. तिवारीजी म्हणाले, "मैडम, सामने वाले का आख़िरी प्यादा क्यों नहीं मारतीं?" मी म्हटलं, "मारूँगी तो जीतूँगी कैसे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून गाजराचा हलवा आणून दिला. त्यांना माझी काळजी वाटली असावी.

दिवस मात्र भराभर उडाले. थंडी गेली. गच्चीवरचं ऊन, ज्याच्यामागे आम्ही पाट घेऊन फिरायचो, ते आता टोचायला लागलं आणि आम्ही पट सावलीकडे सरकवायला लागलो. गल्लीत होळीचे रंग विकायला आले. अम्माजींच्या खोलीत ट्रंका निघाल्या, भांडी गोणपाटात बांधली गेली. होळी झाली. लोकांच्या कानामागचा गुलाल अजून निघाला नव्हता तोच प्रदीप आला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती.

आदल्या दुपारी अम्माजी आपण होऊन वर आल्या. एका हातात पाट, दुसऱ्या हातात सोंगट्यांची पिशवी. "चलो," एवढंच म्हणाल्या.

तसा डाव मी त्याआधी खेळले नव्हते, नंतरही नाही. चहाची आठवण कोणाला झाली नाही. मधला काही काळ त्यांचं पारडं जड होतं. मग माझ्या राजावर त्यांनी घोड्यानं शह दिला. शह देखणा होता. मी राजा बाजूला घेतला आणि मला दिसलं की आता त्यांचा हत्ती उघडा पडलाय. मी तो घेतला. थोड्या वेळानं घोडाही गेला. त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं राहिलं, माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि उंट.

आणि मग अम्माजींनी ते प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडात आणून ठेवलं. घे म्हणून. मी घेतलं की बुर्द, अर्धी मात, त्या सुटल्या. मी नाही घेतलं. हत्ती बाजूला काढला. त्यांनी प्यादं पुन्हा पुढे सरकवलं, आता उंटाच्या तोंडी. मी उंटही काढला. खालून प्रदीपची हाक आली, "अम्मा, बिस्तर बाँध दें?" त्या ते एकुलतं एक प्यादं मला देऊ बघत होत्या आणि मी ते घेत नव्हते, आणि असं करता करता त्यांचा राजा पटाच्या कडेला आला. मी हत्ती शेवटच्या रांगेत नेला.

"मात!" मी ओरडले. "अम्माजी, मात झाली!"

त्यांनी राजाला जायला घर शोधलं. इकडचं पाहिलं, तिकडचं पाहिलं. मग चष्मा काढला. "हो गई," म्हणाल्या, आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "प्रदीप! ऊपर आओ. देखो, इसने हमको मात दी है."

प्रदीप वर आला, हातात दोरीचं भेंडोळं. तो पटाकडे बघत उभा राहिला. त्याला बुद्धिबळ येत नव्हतं. "अच्छा! वाह दीदी," तो म्हणाला, आणि मग, "अम्मा, वो पीतल वाला लोटा रखना है कि छोड़ दें?"

अम्माजी पट गुंडाळून घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी मला हवा तेवढा आनंद झाला नाही. झाला, पण तो ठेवायला जागा नव्हती.

सकाळी दोन रिक्षा आल्या. एकीत ट्रंका, दुसरीत मायलेक. मी खाली वाकून नमस्कार केला तर अम्माजींनी माझं मनगट पकडलं. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील, रडतील. त्यांनी मला जवळ ओढलं आणि रागारागानं, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या,

"घोड़े से शह नहीं देनी थी. पहले हाथी हटाना था. सुबह से यही सोच रहे हैं हम. अबकी नहीं छोड़ेंगे तुमको."

रिक्षा निघाली. मी वर पळाले. खिशातला चुंबकाचा पट काढला आणि कालचा डाव मांडला. पूर्वी मला चार चाली मागचा पट आठवत नसे. आता प्रत्येक सोंगटी आपोआप आपल्या जागी गेली. मी शह देणारा घोडा मागे नेला आणि अम्माजींचा हत्ती हलवला. मग माझ्या बाजूनं हल्ला करून बघितला. नाही. दुसऱ्या तऱ्हेनं केला. नाही. वजिराकडून, उंटाकडून, प्यादी फोडून, सगळं करून बघितलं. त्यांचं बरोबर होतं. हत्ती आधी हलला असता तर मला मात देता आली नसती.

मी चपला न घालता खाली धावले. अम्माजींच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला गाडी लावत होता. मी त्याला विचारलं, "भैया, वो रिक्शा दूर गई क्या?"

"वो तो कब के निकल गए, दीदी. कुछ छूट गया क्या उनका?"

मी नाही म्हटलं. त्याला काय सांगणार होते? हत्तीचं तुमचं बरोबर होतं, एवढंच मला अम्माजींना सांगायचं होतं. आणि ते ऐकून समजेल असं आता लखनौत कोणीही राहिलं नव्हतं.